मालकिणीशीच बोलावे

वरच्या मजल्यावर कबुतरं राहायला आली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आमचं रो-हाऊस अंबडच्या कारखान्यांच्या मागच्या कॉलनीत. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि जिन्याखाली संडास-बाथरूम. वर दोन खोल्या, त्यांच्यावर गच्ची. नवरा गेल्यापासून मी एकटीच राहत होते. गुडघे कुरकुरायला लागले तशी मी हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागले. वर जाणं आधी रोजचं होतं, मग आठवड्याचं झालं, मग सणासुदीचं. एके दिवशी दुपारी वरून कुबट वास आला म्हणून कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर गेले. मुलाच्या खोलीची खिडकी कधीची अर्धवट उघडी राहिली होती. त्याच्या शाळेतल्या क्रिकेटच्या कपांमागे काड्यांचा ढीग, पलंगावरची गादी पांढरीफटक घाण झालेली, आणि एक कबुतरीण अंड्यांवर बसून माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच न विचारता आत आले.

तिचंही बरोबर होतं. त्या घराची माझ्यापेक्षा जास्त जागा तीच वापरत होती.

उतरताना मधेच पायरीवर बसावं लागलं. बसल्या बसल्या ठरवून टाकलं, हे घर विकायचं. लिफ्ट असलेल्या इमारतीत एक लहानसा फ्लॅट घ्यायचा. त्याच्या प्रत्येक खोलीत मला रोज जाता आलं पाहिजे, एवढीच अट.

घर माझ्या नावावर होतं. अंबडच्याच एका कारखान्यात मोटारींच्या कॉइल गुंडाळण्यात माझं आयुष्य गेलं. नवरा एसटीत ड्रायव्हर होता. प्लॉट घेतला तेव्हा कर्ज मिळालं ते माझ्या कारखान्याच्या पतपेढीतून, हप्ते कापले गेले ते माझ्या पगारातून. नाव कुणाचं लावायचं असा प्रश्न निघाला तेव्हा नवरा म्हणाला, "कर्ज हिचं, तर घर हिचं. मी गाडी चालवतो तेवढं पुरे." सासरच्यांनी त्यावर खूप तोंडं वाकडी केली. त्यानं मनावर घेतलं नाही.

मुलगा पुण्यात असतो, संगणकाच्या कंपनीत. दर रविवारी फोन करतो, औषधं घरपोच येतील अशी सोय त्यानंच केलेली. वाईट मुलगा नाही. मी घर विकायचं म्हणाले तर तो हसला.

"आई, आत्ता? आत्ता कुणी विकतं का नाशिकमध्ये? कुंभमेळा येतोय. रस्ते होतायत, आपल्या बाजूला सगळं बदलतंय. दोन-तीन वर्षं थांब. भाव कुठल्या कुठे जाईल."

"भाव जाईल. आणि मी कुठे जाईन?"

"असं अभद्र बोलू नको ना."

"अभद्र कसलं? वय सांगतेय माझं."

मुलगी वणीला दिलेली आहे, जावई तिकडे शाळेत शिक्षक. तिनं फोनवर ऐकलं आणि रडायलाच लागली. "मग मी माहेरी कुठे यायचं गं?"

मी म्हटलं, "लिफ्टनं ये." तिला ते आवडलं नाही.

कॉलनीच्या तोंडाशी एक इस्टेट एजंट बसायचा. पत्र्याचं दुकान, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, हातात दोन मोबाइल. तो येऊन घर बघून गेला. माझ्या ओट्याकडे, भिंतीतल्या कपाटांकडे, मी दरवर्षी रंग दिलेल्या दारांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. अंगणात उभा राहून रस्त्याची रुंदी पावलांनी मोजली.

"मावशी, खरं सांगू का? बांधकामाला किंमत शून्य. जुनं आहे. आता लोकांना टॉवर पाहिजे. खाली जिम, बाग, सिक्युरिटी. रो-हाऊस घेणारा जागेसाठी घेतो. आल्या आल्या पाडतो."

शून्य हा शब्द लागला, नाही असं नाही. त्या भिंतींवर आम्ही दोघांनी सुट्टीच्या दिवशी पाइप धरून पाणी मारलेलं होतं. पण मी म्हटलं, "पाडू दे. तू गिऱ्हाईक आण."

 पहिल्या आठवड्यात दोघं येऊन गेले, मग कुणीच नाही. मी फोन केला की म्हणायचा, मार्केट थंड आहे मावशी. आणि मी खिडकीतून बघत होते, तर समोरच्या गल्लीतलं घर विकलं गेलं, कोपऱ्यावरचं विकलं गेलं, तिथे दवाखान्याची पाटीसुद्धा लागली. शेवटी रिक्षा केली आणि त्याच्या दुकानावर गेले. मला बघून त्यानं दोन्ही मोबाइल खाली ठेवले.

"मावशी, तुम्ही कशाला त्रास घेतला?"

"मार्केट किती थंड आहे ते बघायला आले."

तो इकडेतिकडे बघायला लागला. चहा मागवू का म्हणाला. मी नको म्हटलं आणि बसूनच राहिले. मग त्याच्या तोंडून निघालं.

"साहेबांचा फोन आला होता."

"कोण साहेब?"

"तुमचे चिरंजीव. म्हणाले, आईचं मनावर घेऊ नका. दोन वर्षं होल्डवर ठेवायचंय. गिऱ्हाईक पाठवू नका."

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की दिवाणावर बसले तेव्हा चपला पायातच होत्या. मुलानं घर विकू नको म्हटलं असतं, भांडला असता, तर चाललं असतं. भांडण माणसाशी करतात. आईचं मनावर घेऊ नका, हे लहान मुलाबद्दल बोलतात, नाहीतर वेड्या माणसाबद्दल. वयात आल्यापासून मी कमावत होते. माझ्या हाताखाली कारखान्यात पंधरा-वीस बायका होत्या. त्यातल्या एकीनंही माझं बोलणं कधी असं हवेत सोडलं नव्हतं.

मी त्याला फोन केला नाही. मागच्या अंगणात प्लायवूडचा तुकडा पडला होता, आणि दारांना देऊन उरलेला लाल ऑइलपेंट होता. पेंटवर साय धरली होती, ती काडीनं बाजूला केली. अक्षर माझं चांगलं आहे. 'घर विकणे आहे' असं लिहिलं, खाली माझा मोबाइल नंबर लिहिला. जागा उरली होती. क्षणभर विचार केला आणि तिथे लिहिलं, 'मालकिणीशीच बोलावे.' वाळल्यावर फाटकाला तारेनं बांधून टाकलं.

शेजारचे काका फाटकाशी येऊन म्हणाले, "वहिनी, असा बोर्ड बरा दिसत नाही. लोकांना वाटतं काहीतरी अडचण आहे."

"अडचण आहेच. गुडघे."

फोन यायला लागले. "अंकल आहेत का?" हा पहिला प्रश्न. "नाहीत." "मग कधी येतील?" "ते नाही यायचे आता. तुम्ही बोला." तरीही काहीजण म्हणायचे, घरातल्या कुणा जेन्ट्सचा नंबर द्या. मी फोन ठेवून द्यायचे. एकजण वास्तुशास्त्रवाल्याला घेऊन आला. त्यानं होकायंत्र फिरवून सांगितलं, जिना चुकीच्या दिशेला आहे, घरातल्या स्त्रीला फार त्रास होणार. मी म्हटलं, "जिना कुठल्याही दिशेला असता तरी त्रास झालाच असता."

एक तरुण मुलगा बिल्डरकडून आला. पेढ्यांचा बॉक्स, काखेत नकाशाची गुंडाळी. आमच्या ओळीतली आजूबाजूची घरं ते घेणार होते. खाली दुकानं, वर सात मजले. पैसे नाहीत, घराच्या बदल्यात फ्लॅट.

"तीन वर्षांत ताबा, काकू. तोपर्यंत भाडं आम्ही देणार."

"माझ्या गुडघ्यांना तीन वर्षं थांबायला सांगतोस का?"

तो गोड हसला. "तुमच्या मुलांसाठी विचार करा ना. पुढच्या पिढीला मालमत्ता."

"पेढे घेऊन जा," मी म्हटलं. "मला साखर वर्ज्य आहे."

आणि मग ती आली. स्कूटरवरून, एकटी. स्कूटरच्या मागे लोखंडी क्रेट बांधलेला, त्यात जेवणाचे रिकामे डबे खडखडत होते. चाळिशी ओलांडलेली, पदर कमरेला खोचलेला. फाटकावरचा बोर्ड तिनं मोठ्यानं वाचला आणि म्हणाली, "मालकीण तुम्हीच ना?"

"मीच."

"बरं झालं. मला जास्त येळ नाय. किचन कुठं हाय?"

ती मूळची सिन्नरकडची. अंबडच्या कारखान्यांतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना डबे द्यायची. खानावळ भाड्याच्या गाळ्यात चालायची, आणि दर काही महिन्यांनी मालक किंवा वरचे लोक फोडणीचा वास येतो म्हणून तिला बाहेर काढायचे. तिनं हॉलकडे पाहिलंच नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, नळ सोडून धार बघितली, मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते किती पटकन जातं ते वाकून बघितलं, मधल्या भिंतीवर मूठ आपटली.

"ही भिंत जाणार," ती म्हणाली. "हॉल अन् किचन एक करावं लागंल. पोरं इथं बसून जेवतील. आम्ही वर राहू. ओटाबी जाणार. तुम्हाला वाईट वाटंल, आधीच सांगते."

"वाटू दे. ते माझं मी बघीन. तुमचा आकडा सांगा."

तिनं सांगितला. मी हसले. माझा सांगितला. ती हसली. तासभर आम्ही त्या जाणाऱ्या ओट्याला टेकून भांडलो. ती म्हणाली गच्ची गळते, मी म्हटलं गळत नाही, चढून बघा. ती चढून बघून आली, खोकत. "गच्ची नाय गळत. पर वर कबुतरं हायेत लय."

"ती घराबरोबर फुकट."

तेव्हा ती पहिल्यांदा मनापासून हसली. पुढच्या खिडकीच्या जाळीवरून पुन्हा अडलं. ती जाळी नवऱ्यानं अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडे बसून करून घेतली होती, मधे गोल आणि बाजूला पट्ट्या, एसटीच्या तोंडासारखी. मी म्हटलं जाळी मी नेणार. ती म्हणाली, मग मला नवी बसवावी लागंल, तेवढे कमी करा. मी कमी केले. चहा झाल्यावर ती म्हणाली, "बँकेचं कर्ज व्हायला दोन म्हैने लागतील. तुम्ही दुसऱ्याला देणार नाय ना?"

"मी शब्द दिला," मी म्हटलं. बोर्ड त्याच संध्याकाळी उतरवला.

मुलाला आणि मुलीला मी स्वतः कळवलं. त्या रविवारी दोघंही आले. मुलाचा चेहरा पडलेला होता. बिल्डरचा माणूस त्यालाही जाऊन भेटला होता, हे मला तेव्हा कळलं.

"आई, बिल्डरचा फ्लॅट उद्या किती किमतीचा होईल माहितीये तुला? आणि तू खानावळवालीला देतेस? तेही कमी पैशात?"

"बिल्डरचा फ्लॅट हवेत आहे. हिचा चेक बँकेचा आहे."

"मला विचारायचं तरी."

"तू मला विचारलंस? एजंटला फोन करताना?"

त्यानं खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाला, "मी तुझ्या भल्यासाठीच केलं."

"माझं भलं तुला कळतं आणि मला कळत नाही, हे तू एजंटला सांगितलंस. मला सांगायचं होतंस. मी ऐकून घेतलं असतं आणि तरी विकलं असतं. पण आपल्या आईला वेडी ठरवून परक्या माणसाच्या तोंडून ऐकवलंस ते मला चालणार नाही."

मुलगी मधे पडली, रडतच. आपण लहानाचे मोठे इथे झालो, बाबांच्या किती आठवणी, सगळं एका खानावळीला. मी तिला म्हटलं, "वर जाऊन तुझी खोली बघून ये. हवं ते सामान घेऊन जा." ती गेली. बराच वेळ आली नाही. वरून खराट्याचा आवाज यायला लागला. खाली आली तेव्हा ओढणी तोंडाला बांधलेली होती, केसांत पिसं. तिनं भावाकडे पाहिलं.

"दादा, तू वर कधी गेला होतास शेवटचा?"

तो तिच्या केसांतली पिसं काढायला लागला.

"मी गेल्या दिवाळीतसुद्धा नव्हते गेले," ती म्हणाली. "खालीच बसले, जेवले आणि गेले. आई, तू इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

काय सांगणार होते? कितीतरी दिवस मलाच ठाऊक नव्हतं.

खरी अडचण पुढे आली. खानावळवालीच्या बँकेच्या वकिलानं कागद बघितले आणि म्हटलं, मुलांची ना-हरकत आणा. कायद्यानं लागत नाही, पण असलेली बरी. मुलीनं लगेच देते म्हटलं. मुलाचा फोन आला. आवाज अगदी मऊ.

"मी सही करतो, आई. फक्त आलेले पैसे आपल्या दोघांच्या नावावर ठेवू. तुला काही झालं तर धावपळ नको."

 खानावळवाली समोर बसली होती. तिचं कर्ज त्या सहीवर अडलं होतं आणि गाळेवाल्यानं तिला महिनाअखेरीची मुदत दिली होती. एक हो म्हटलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं.

"सही नको," मी म्हटलं. "तुझीही नको, तुझ्या बहिणीचीही नको. माझं घर आहे, माझ्या पगाराचं. हरकत घ्यायचा हक्क कुणाला नाही, तर ना-हरकत कशाची?"

खानावळवालीचं तोंड उतरलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "ताई, तुमचं खरं हाय. पर माझं कर्ज जायाचं हो याच्यात."

"जाणार नाही. चला माझ्याबरोबर."

आम्ही दोघी तिच्या स्कूटरवर, मांडीवर माझी कागदांची पिशवी, वकिलाच्या ऑफिसात गेलो. मी आयुष्यात दुचाकीवर मागे बसले ती फक्त नवऱ्याच्या; त्यामुळे सगळ्या वाटेत तिची कंबर घट्ट धरून होते. वकील वयानं माझ्या मुलाएवढा. मी त्याच्यासमोर पतपेढीचे कागद ठेवले, पगाराच्या पावत्या ठेवल्या आणि म्हटलं, "वाचा. मुलांचा एक पैसा यात कुठे दिसला तर मी त्यांची सही आणते. माझ्या जागी माझा नवरा विकायला बसला असता तर त्याच्याकडे मुलांची ना-हरकत मागितली असती का?"

तो म्हणाला, "काकू, आम्ही फक्त सेफ्टीसाठी..."

"उत्तर द्या."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.  मग कागद वाचले. त्याला दोनदा फोन आले ते त्यानं घेतले नाहीत, एवढं मी बघितलं. दोन दिवसांनी तिला बँकेतून होकार आला. त्या दोन दिवसांत मी जेवले की नाही मला सांगता येणार नाही. मी चुकले असते तर माझं फार काही गेलं नसतं. तिचं गेलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी मी सही घेतली नाही. आजही घेणार नाही.

खरेदीखताच्या दिवशी मुलगी आली. मुलगा आला नाही.

आता मी पाथर्डी फाट्याच्या पलीकडे राहते, चौथ्या मजल्यावर. एक बेडरूम, हॉल, किचन. सगळ्या खोल्यांत रोज जाते, उगाचसुद्धा जाते. जाळी इथल्या कुठल्याच खिडकीला बसली नाही. बाल्कनीत उभी करून तिच्यावर दोडक्याचा वेल चढवलाय. मुलगा दिवाळीला आला नाही. ते दुखलं. दिवाणावर बसून मी एकटीनं चिवडा खाल्ला आणि त्याला फोन करायला हात शिवशिवले, पण केला नाही. मी चूक केलेली नव्हती, मग मी का समजूत काढायची? संक्रांतीला तो स्वतः आला. बॅग ठेवली, सगळा फ्लॅट फिरून बघितला. फिरायला फार वेळ लागला नाही. मग किचनमध्ये येऊन म्हणाला, "उजेड बरा आहे." मी तिळगूळ दिला. एजंटचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. अजून निघालेला नाही. निघेल तेव्हा मी तेच बोलेन.

आमच्या जुन्या गल्लीवरून एकदा रिक्षानं गेले. मधली भिंत खरंच गेली होती. ओळीनं टेबलं, कारखान्याच्या निळ्या शर्टातली पोरं खाली मान घालून जेवत होती. दाराबाहेर चपलांचा खच.  खानावळवालीनं आतून बघितलं आणि हात केला, या ना जेवायला. मी रिक्षावाल्याला थांब म्हटलं. ठेचा तिचा फार तिखट असतो.

इथे येऊन दोन महिने झाले नाहीत तोच लिफ्ट बंद पडली. चार दिवस. मुलाला कळलं असतं तर एक शब्द न बोलता जिंकला असता, म्हणून मी त्याला सांगितलं नाही. दूध शेजारीण आणून द्यायची. चौथ्या दिवशी मी एक एक पायरी बसत, घसरत, तासाभरानं खाली उतरले आणि सोसायटीच्या चेअरमनच्या दारात खुर्ची मागून घेऊन बसले. ते म्हणाले, "आजी, तुम्ही कशाला उतरलात? मुलाला सांगायचं, त्यांनी फोन केला असता."

मी म्हटलं, "तुमचा लिफ्टचा ठेकेदार कोण आहे, त्याला आत्ता फोन लावा. माझ्यासमोर."

संध्याकाळी लिफ्ट चालू झाली. मी चौथ्या मजल्यावर गेले, दार उघडलं, दिवा लावला आणि वरण-भाताचा कुकर चढवला.